गरोदरपणात वाढलेला तीळ: मायटोसिस दिसतायत, इम्युनो पॅनेल कसं लावावं आणि कसं वाचावं?

स्लाइडबॉक्स

नमस्कार मंडळी. त्वचेच्या बायोप्सी पाहणाऱ्यांचं मत हवं आहे.

वय २९, गरोदरपणाचा ३०वा आठवडा. कमरेवर, परकराच्या नाडीच्या रेषेत ७ मिमीचा तीळ. लहानपणापासूनचा, पण गेल्या काही महिन्यांत वाढला, गडद झाला आणि खाजतो. त्वचारोगतज्ज्ञांनी २ मिमी मार्जिन ठेवून अख्खा काढून पाठवलाय.

एचई (नेहमीचा गुलाबी-निळा स्टेन): कंपाउंड नेव्हस (एपिडर्मिस आणि डर्मिस, म्हणजे कातडीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही थरांतला साधा तीळ). सिमेट्री बरी आहे, खाली जाताना पेशी लहान होत जातात. पण पॅपिलरी डर्मिसमध्ये मोठ्या, फिकट गुलाबी सायटोप्लाझमच्या पेशींचे गोल पुंजके आहेत, न्यूक्लिओलस ठळक. त्या भागात मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) सापडतात, साधारण २ प्रति चौरस मिमी. एका कडेला वरच्या डर्मिसमध्ये थोडं फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू) आहे आणि नेमकं त्याच्यावरचं जंक्शन (एपिडर्मिस-डर्मिसची सीमा) जरा विस्कटलेलं दिसतं. अल्सर नाही.

आतापर्यंत केलेलं इम्युनो (अँटिबॉडीने पेशीतली प्रथिनं रंगवणं): एस-१०० पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ वर पॉझिटिव्ह आणि मधल्या थरातही ठिपक्याठिपक्याने. केआय-६७ (विभाजनाच्या चक्रातल्या पेशी दाखवतो) डॅबवर (तपकिरी रंग देणारं रसायन) केलं, पण पेशींत इतकं मेलॅनिन (कातडीचं तपकिरी रंगद्रव्य) आहे की तपकिरी काय आणि काय नाही हेच कळत नाही.

प्रश्न:
१. ‘गरोदर आहे म्हणून मायटोसिस’ हे कुठपर्यंत मान्य करायचं?
२. आणखी कोणते स्टेन लावावेत? ब्लॉकमध्ये टिश्यू फार उरलेला नाही.
३. मेलॅनिनचं काय करायचं?
४. रिपोर्टात काय लिहावं? पेशंटच्या घरचे घाबरलेले आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांचा रोज फोन येतो.

अधिचर्म

तुमच्या पहिल्याच प्रश्नात सगळी मेख आहे, त्यामुळे तिथेच जास्त वेळ घालवतो.

गरोदरपणात तीळ वाढतातच, ही समजूत इतकी पक्की बसलेली आहे की तिच्यापायी मेलॅनोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर) उशिरा सापडतात. पोट आणि स्तन इथली कातडी ताणली जाते, तिथले तीळ मोठे होतात हे खरं. पण १९९७च्या एका अभ्यासात २२ गरोदर बायकांच्या पाठीवरचे १२९ तीळ पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत मोजले होते. आकार बदलला फक्त ८ तिळांचा, तोही १ मिमीने, आणि त्यातले ४ वाढले तर ४ लहान झाले. म्हणजे न ताणल्या जाणाऱ्या जागेवरचा तीळ झपाट्याने वाढला तर ‘बाळंतपणानंतर बघू’ म्हणायचं नाही. तुमच्याकडे तो काढून पाठवला हे योग्यच झालं. कमर ही मधली जागा आहे: थोडा ताण, शिवाय नाडीचं घासणं.

आता सूक्ष्मदर्शकाखाली. इथे मात्र गरोदरपणाचा परिणाम खरोखर दिसतो. तुम्ही वर्णन केलेले गोल पुंजके (मोठ्या एपिथेलिऑइड पेशी, फिकट इओसिनोफिलिक सायटोप्लाझम, ठळक न्यूक्लिओलस, अधूनमधून मेलॅनिनची बारीक पूड) गरोदर स्त्रियांच्या नेव्हसमध्ये जास्त वेळा दिसतात, हे २०१० साली नोंदवलं गेलं आणि त्यांना ‘सुपरफिशियल मायक्रोनोड्यूल्स ऑफ प्रेग्नन्सी’ असं नावही मिळालं. त्याच कामात या नेव्हसमध्ये मायटोसिस जास्त आणि केआय-६७ किंचित जास्त आढळलं, पण ते ‘जास्त’ म्हणजे एक-दोन टक्क्यांच्या घरातलं. दहा टक्के केआय-६७ आलं तर त्याचं खापर गरोदरपणावर फोडता येत नाही.

मी जे पाहतो ते असं:

मायटोसिस कुठे आहेत? वरच्या एक तृतीयांशात, सुटे सुटे, साध्या आकाराचे असतील तर गरोदरपण ते समजावून सांगू शकतं. नेव्हसच्या तळाशी एकही असेल तर मी थांबतो. एकाच फील्डमध्ये घोळक्याने असतील किंवा तीन टोकांचे, वेडेवाकडे असतील, तर पेशंट गरोदर आहे हे विसरूनच स्लाइड वाचायची.

मॅच्युरेशन (खाली जाताना पेशी शांत होत जाणं) खरं आहे का? पेशी लहान दिसतात एवढ्यावर थांबू नका. तळाच्या पेशींचा न्यूक्लिओलस नाहीसा होतो का, त्या एकेकट्या होऊन कोलॅजनमध्ये शिरतात का, ते बघा. मायक्रोनोड्यूलच्या कडेला मोठ्या पेशी हळूहळू शेजारच्या साध्या नेव्हस पेशींत मिसळत जातात. मेलॅनोमाचा नोड्यूल शेजाऱ्यांना ढकलतो, त्याची हद्द वेगळी दिसते. हा फरक कोणत्याही स्टेनपेक्षा जास्त कामाचा आहे.

स्टेनचं म्हणाल तर एस-१०० आणि सॉक्स-१० फक्त ‘मेलॅनोसाइट (रंगद्रव्य बनवणारी पेशी) आहे’ एवढंच सांगतात. चांगला की वाईट हा प्रश्न त्यांना विचारूच नका. टिश्यू कमी आहे तर खर्च फक्त चार गोष्टींवर करा: पीआरएएमई (मेलॅनोमात जास्त दिसणारं प्रथिन), पी-१६ (पेशींचं विभाजन रोखणारं प्रथिन), केआय-६७ मेलन-ए (मेलॅनोसाइटचं प्रथिन) बरोबर डबल, आणि उरलंच तर पीएचएच-३ (मायटोसिस दाखवणारा स्टेन). बीरॅफ व्ही६००ई (जनुकातला एक बदल) चा स्टेन यात अजिबात नको, साध्या नेव्हसमध्येही तो बहुसंख्य वेळा पॉझिटिव्ह येतो. मेलॅनोमा ठरल्यावर, आणि औषधासाठी गरज पडली तरच तो करायचा.

पीआरएएमई: फक्त न्यूक्लियस मोजायचा. ७५ टक्क्यांहून जास्त पेशी पॉझिटिव्ह असतील तर ‘४+’. २०१८च्या मूळ मालिकेत प्राथमिक मेलॅनोमांपैकी ८३ टक्के असे होते आणि नेव्हसपैकी ८६ टक्के पूर्ण निगेटिव्ह. पण मेलॅनोमा निगेटिव्हही असू शकतो, डेस्मोप्लास्टिकमध्ये तर फक्त ३५ टक्के पॉझिटिव्ह होते. जंक्शनवरच्या दोनचार पेशी रंगल्या तर त्याला अर्थ नाही. सेबेशियस ग्रंथीही रंगतात, त्यांना भुलू नका. याची खरी मजा जुन्या नेव्हसवर उगवलेल्या मेलॅनोमात आहे: नेव्हसचा भाग कोरा आणि शेजारचा पट्टा गच्च रंगलेला, हद्द आखल्यासारखी.

पी-१६: न्यूक्लियस आणि सायटोप्लाझम दोन्ही. नेव्हसमध्ये मोझेक दिसतो, काही पेशी गडद, काही फिक्या, काही कोऱ्या. कोऱ्या पेशी दिसल्या म्हणजे ‘लॉस’ नव्हे. एखादा अख्खा पुंजका किंवा अख्खा खालचा भाग कोरा झाला आणि शेजारचा नेव्हस रंगलेला असेल, तेव्हा तो खरा लॉस. आणि पी-१६ शाबूत आहे म्हणून मेलॅनोमा नाही, असं उलटं वाचायचं नाही.

तुमच्या एचएमबी-४५ बद्दल: वर गडद, खाली नाहीसा हा साध्या नेव्हसचा उतार. हॉर्मोनने किंवा मार लागून चेतवलेल्या पेशी एचएमबी-४५ पुन्हा दाखवू शकतात, त्यामुळे मधल्या थरातले ठिपके एवढ्यावरून मी घाबरणार नाही. तळाच्या पेशी कोऱ्या आहेत का तेवढं सांगा. ब्लू नेव्हस आणि डीप पेनिट्रेटिंग नेव्हस खालपर्यंत सरसकट रंगतात, ते या नियमाबाहेर.

ते कडेचं फायब्रोसिस मला जास्त खटकतंय. त्या जागी पूर्वी काही केलं होतं का?

डॅबवाला

तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, हा आमच्या टेबलावरचा विषय.

आधी कात्री. ब्लॉक पुन्हापुन्हा मायक्रोटोमवर चढवला की प्रत्येक वेळी फेसिंगमध्ये (पृष्ठभाग सपाट करताना) टिश्यू वाया जातो. एकाच बैठकीत ४ मायक्रॉनचे ८ ते १० सेक्शन चार्ज्ड स्लाइडवर घ्या, क्रमांक पेन्सिलने घाला, पहिला आणि शेवटचा एचईला द्या. शेवटच्या एचईत लिजन अजून आहे हे दिसलं तरच मधल्या स्लाइडच्या निगेटिव्हला अर्थ. कोऱ्या स्लाइड महिनोन्महिने ठेवू नका, केआय-६७ सारखे न्यूक्लियसचे अँटिजेन कापून ठेवलेल्या सेक्शनमध्ये फिके पडतात.

६० अंशावर तासभर बेक करा. डर्मिसचं कोलॅजन आणि खालची चरबी यामुळे कातडीचे सेक्शन रिट्रीव्हलमध्ये (अँटिजेन उघडे करायला गरम बफरमध्ये ठेवताना) सुटतात. बेक कमी झालं की कडा उचलली जाते, तिच्याखाली रंग साचतो आणि कडेच्या पेशी खोट्या पॉझिटिव्ह दिसतात.

रिट्रीव्हल: ट्रिस-ईडीटीए पीएच ९. एक लिटरला ट्रिस १.२१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिली. ९५ ते ९८ अंश, २० मिनिटं, मग त्याच बफरमध्ये २० मिनिटं थंड होऊ द्या. गरम स्लाइड नळाखाली धरली की सेक्शन गेलाच म्हणून समजा. नंतर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, बफर वॉश, प्रायमरी, म्हणजे पहिली अँटिबॉडी, ३० ते ६० मिनिटं (किटवर दिलेलं पाळा), पॉलिमर, क्रोमोजेन (रंग देणारं रसायन). मध्ये कुठेही सेक्शन सुकू द्यायचा नाही.

मेलॅनिनसाठी तीन वाटा:

(अ) लाल क्रोमोजेन. सगळ्यात सोपी. एईसी घेतलात तर लक्षात ठेवा, तो अल्कोहोलमध्ये विरघळतो. सवयीने ग्रेडेड अल्कोहोल, झायलीन आणि डीपीएक्स केलं की रंग धुऊन जातो आणि केस ‘निगेटिव्ह’ होते. ग्लिसरॉल जेलीसारखं पाण्यावरचं माउंटिंगच लागतं. फास्ट रेड अल्कलाइन फॉस्फेटेसवर चालतो, त्यात लेव्हामिसोल (टिश्यूतलं स्वतःचं हे एन्झाइम दाबायला) घालायला विसरू नका.

(आ) डॅबच ठेवा, पण हिमॅटॉक्सिलिनऐवजी जिम्सा किंवा अॅझ्युअर बी ने काउंटरस्टेन करा. मेलॅनिन हिरवट निळं होतं, डॅब तपकिरीच राहतो. लॅबमध्ये फक्त डॅब असेल तर हीच वाट धरा. जिम्सा जास्त वेळ ठेवलं तर न्यूक्लियस इतके निळे होतात की फिका डॅब त्याखाली झाकला जातो, म्हणून मिनिटामिनिटाने सूक्ष्मदर्शकाखाली बघत थांबवा.

(इ) ब्लीच. ०.२५ टक्के पोटॅशियम परमँगनेट, मग १ ते ५ टक्के ऑक्झॅलिक अॅसिडने तपकिरी डाग जाईपर्यंत. हे प्रायमरीच्या आधी करायचं. सेक्शन सुटतात आणि काही अँटिजेन मार खातात, म्हणून कंट्रोल स्लाइडही (नक्की रंगतो हे माहीत असलेला टिश्यू) ब्लीच करूनच चालवायची. ब्लीच न केलेला टॉन्सिल छान रंगला म्हणून ब्लीच केलेली केस ‘निगेटिव्ह’ म्हणणं फसवं आहे. उरलेला टिश्यू कमी असेल तर ही वाट शेवटी.

कोणतीही वाट घ्या, पण प्रायमरी न घातलेली त्याच केसची एक स्लाइड सोबत चालवाच. तिच्यावर जे तपकिरी दिसतं ते सगळं मेलॅनिन. दाणे लहानमोठे, सायटोप्लाझममध्ये, न्यूक्लियसला वळसा घालून. डॅब एकसारखा, न्यूक्लियस भरून. ती स्लाइड शेजारी ठेवून केआय-६७ वाचलं की निम्मी अडचण मिटते.

कंट्रोल: केआय-६७ ला टॉन्सिल (जर्मिनल सेंटर उजळलं पाहिजे), पीआरएएमईला टेस्टिस, पी-१६ ला सर्व्हिक्सची हाय ग्रेड लिजन. केसच्या आतले कंट्रोलही बघा: केआय-६७ मध्ये एपिडर्मिसच्या तळाच्या काही पेशी आणि केसाचं मूळ रंगलेलं हवं. तेही कोरे असतील तर स्टेन फसलाय, पुन्हा लावा.

कातडीवाला

डॅबवाला यांच्या पोस्टला +१. पण निम्म्या गडबडी टिश्यू लॅबमध्ये पोचण्याआधीच होतात, म्हणून क्लिनिकच्या बाजूचं थोडं.

संशयी तीळ गरोदरपणातही अख्खाच काढायचा, १ ते ३ मिमी मार्जिन, खाली चरबीपर्यंत. शेव्ह नको, कॉटरी नको, लेझर तर नकोच. शेव्ह केला की तळ कापला जातो, आणि जाडी मोजायला तळच लागतो. लिग्नोकेन चालतं: साधं असेल तर ४.५ मिग्रॅ प्रति किलो ही वरची मर्यादा, म्हणजे ६० किलोच्या बाईला २७० मिग्रॅ, २ टक्क्यांच्या व्हायलमधलं १३.५ मिली. एवढ्याशा तिळाला ३ ते ५ मिली पुरे. सुई तिळात खुपसायची नाही, भोवताली फील्ड ब्लॉक द्यायचा, नाहीतर टिश्यू सुजून एचईवर पेशी विखुरल्यासारख्या दिसतात. २० आठवड्यांनंतर उताणं झोपवू नका, उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे कलतं ठेवा.

१२ वाजताच्या टोकाला टाका घालून फॉर्मवर तसं लिहा. बाटलीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, टिश्यूच्या किमान दहापट. तयार मिळत नसेल तर: बाजारचं फॉर्मलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नुसतं पाणी घालून केलेलं फॉर्मलिन आम्ल होतं, फॉर्मलिन पिगमेंट पडतं, आणि तेही तपकिरी! मेलॅनिनच्या केसमध्ये आणखी एक तपकिरी कोणाला हवं आहे? सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉझमध्ये संध्याकाळपर्यंत ठेवलेला नमुना आला तर मायटोसिसचा आकडा विश्वासाचा राहत नाही. आणि तिळावर फ्रोझन सेक्शन मागवू नका, कितीही घाई असली तरी.

फॉर्मवर ‘३० आठवडे गरोदर’ हे ठळक लिहा. आमच्याकडचे अर्धे लोक फक्त ‘तीळ, कंबर’ लिहून पाठवतात, आणि मग पॅथॉलॉजिस्टने मायटोसिस बघून काय समजायचं?

स्लाइडबॉक्स, अधिचर्म सरांनी विचारलेलं मीही विचारणार होतो. पेशंटला नीट विचारून घ्या: चुना-सोडा लावला होता का, तिळाला केस बांधला होता का, पार्लरमध्ये जाळून घेतला होता का? लोक आपणहून सांगत नाहीत.

स्लाइडबॉक्स

सगळ्यांचे आभार. विचारलं. पाचव्या महिन्यात शेजारणीच्या सांगण्यावरून चुना आणि धुण्याचा सोडा कालवून दोनदा लावला होता, खपली पडली होती. हे ना फॉर्मवर होतं ना केसपेपरवर.

नव्या स्लाइड्स आल्या. पीआरएएमई: डर्मिसमध्ये कोरा, जंक्शनवर फायब्रोसिसच्या वर पाचसहा पेशी रंगलेल्या. टेस्टिस कंट्रोल उत्तम. पी-१६: मोझेक, तळापर्यंत. एचएमबी-४५ पुन्हा पाहिलं, तळाच्या पेशी कोऱ्या आहेत. केआय-६७ (तपकिरी) आणि मेलन-ए (लाल) डबल लावलं. आता मोजायचं कसं? टक्का सगळ्या लिजनचा द्यायचा की हॉटस्पॉटचा? आणि मायटोसिस प्रति चौरस मिमी हे मी दहा फील्डवरून काढलं होतं, ते बरोबर का?

अधिचर्म

चुना-सोडा! तेवढ्यावरून कडेचा विस्कटलेला जंक्शन समजतो. अर्धवट जाळलेला तीळ व्रणावर पुन्हा उगवतो तेव्हा व्रणाच्या वरच्या एपिडर्मिसमध्ये एकेकट्या पेशी, वेडेवाकडे नेस्ट, वर चढणाऱ्या पेशी असं सगळं मेलॅनोमासारखं दिसतं. त्याला स्यूडोमेलॅनोमा म्हणतात ते उगीच नाही. ओळखायची खूण अशी की गडबड व्रणाच्या रुंदीपुरतीच असते. व्रण संपला की जंक्शन शहाण्यासारखं वागायला लागतं, आणि व्रणाखाली जुना शांत नेव्हस पडलेला असतो. गडबड व्रणाच्या कडेबाहेर पसरलेली दिसली तर मात्र हा खुलासा पुरत नाही. तुमची शेवटची एचई घेऊन स्केलने मोजा: व्रण किती मिमी, बिघडलेलं जंक्शन किती मिमी.

मोजणी. दहा फील्ड म्हणजे किती क्षेत्र, हे तुमच्या आयपीसवर ठरतं. आयपीसवर फील्ड नंबर लिहिलेला असतो. ४०च्या ऑब्जेक्टिव्हला फील्ड नंबर २२ असेल तर व्यास ०.५५ मिमी, क्षेत्र ०.२४ चौ. मिमी, म्हणजे साधारण सव्वाचार फील्डला १ चौ. मिमी. नंबर २० असेल तर व्यास ०.५०, क्षेत्र ०.१९६, पाच फील्ड. दहा फील्डचा आकडा तसाच लिहिला असेल तर तुमचे ‘२’ प्रत्यक्षात १च्या आसपास असतील. सगळ्यात जास्त मायटोसिस असलेल्या फील्डपासून सुरुवात करा आणि शेजारचे फील्ड घेत १ चौ. मिमी भरवा. शंका असेल तर पीएचएच-३ लावा, पण त्यात फक्त गच्च, गुठळी झालेले न्यूक्लियस मोजा. जी-२ मधल्या (विभाजनाच्या तयारीतल्या) पेशी बारीक रवाळ रंगतात, त्या मोजल्या की आकडा फुगतो.

केआय-६७: लालने वेढलेला तपकिरी न्यूक्लियस असेल तरच धरायचा. नेव्हसमध्ये घुसलेले लिम्फोसाइट भरपूर पॉझिटिव्ह असतात, लाल नसलेले सगळे सोडा. निदान ५०० मेलॅनोसाइट मोजा आणि दोन आकडे द्या, वरच्या तृतीयांशाचा वेगळा, खालच्याचा वेगळा. एकच सरासरी दिली की नेमकी हवी ती माहिती बुडते: वर ४ टक्के आणि खाली शून्य, वर १ टक्का आणि खाली ३, या दोन पूर्णपणे वेगळ्या केस आहेत आणि सरासरी जवळपास सारखीच. ढोबळ मानाने साध्या नेव्हसमध्ये २ टक्क्यांच्या आत, ५च्या पुढे मी कारण शोधतो, १०च्या पुढे मला नेव्हस हा शब्द लिहायला जड जातं. पण हे आकडे एकमेकांत शिरलेले आहेत, नुसत्या केआय-६७ वर कोणी निदान करू नये.

जंक्शनवरचे मेलॅनोसाइट मोजायचे असतील तर मेलन-ए वर नको, सॉक्स-१० वर. मेलन-ए सायटोप्लाझमच्या फांद्याही रंगवतो, त्यामुळे पेशी आहेत त्यापेक्षा जास्त वाटतात.

स्लाइडबॉक्स

व्रण २.१ मिमी, बिघडलेलं जंक्शन १.८ मिमी, व्रणाच्या आतच. फील्ड नंबर २२ निघाला, मायटोसिस १ प्रति चौ. मिमी, वरच्या भागात. केआय-६७ वर २ टक्के, खाली ५०० पेशींत एकही नाही.

अधिचर्म

मग मी मेलॅनोमा लिहिणार नाही. रिपोर्टात या गोष्टी याव्यात: कंपाउंड नेव्हस, गरोदरपणाशी सुसंगत सुपरफिशियल मायक्रोनोड्यूल्स, रसायनाने भाजल्याचा व्रण आणि त्यावर रिकरंट नेव्हससारखा बदल, मायटोसिस किती आणि कोणत्या थरात, प्रत्येक स्टेनचा निकाल, पॅटर्नसकट (नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको, ‘मोझेक’, ‘जंक्शनपुरता’ असं), चारही मार्जिन आणि तळ मिमीमध्ये. मार्जिन मोकळे असतील तर पुन्हा कापायची गरज नाही. एखाद्या कडेला नेव्हस पोचत असेल तर लोकल देऊन २ ते ५ मिमीची री-एक्सिजन करून टाका, बाळंतपणाची वाट बघत बसायला नको.

रिपोर्टात ‘कोरिलेट क्लिनिकली’ एवढंच लिहून हात झटकू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना ते दोन शब्द वाचून काहीच कळत नाही. काय दिसलं, काय दिसलं नाही आणि पुढे काय करायचं, हे सरळ वाक्यात लिहा.

स्टेन आपसात भांडत असते, म्हणजे पीआरएएमई पसरलेला आणि पी-१६ शाबूत, किंवा तळाशी मायटोसिस, तर ब्लॉक आणि झालेल्या सगळ्या स्लाइड (एचईसुद्धा) घेऊन टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यायला सांगितलं असतं. तिथून पुढे ६पी२५, ६क्यू२३, ११क्यू१३, ९पी२१ या गुणसूत्रांवरच्या जागांची फिश चाचणी (त्या जागा चमकत्या रंगाने दाखवणारी) हा मार्ग आहे. फक्त स्लाइड पाठवू नका, ब्लॉकशिवाय पुढची चाचणी होत नाही.

वॉर्ड१२

मी स्त्रीरोग विभागातून. समजा निदान मेलॅनोमाच आलं असतं, तर आमच्या बाजूला काय बदललं असतं? वार (प्लासेंटा) पॅथॉलॉजीला पाठवायची असते असं ऐकलंय, ती सगळ्यांची का?

कातडीवाला

पहिला आकडा ब्रेस्लो जाडी (ट्यूमर कातडीत किती खोल गेलाय), ०.१ मिमीपर्यंत मोजलेली. ०.८ मिमीहून कमी आणि अल्सर नसेल तर टी१ए (सुरुवातीची पायरी): लोकलमध्ये १ सेमी मार्जिनची री-एक्सिजन आणि नियमित तपासणी. एवढ्यावरून गर्भपाताचा किंवा लवकर प्रसूतीचा विषय काढायचं कारण नाही. जाड असेल तर सेंटिनल नोडचा (कॅन्सर पसरताना आधी पोचतो ती लसिका गाठ तपासण्याचा) विचार होतो. टेक्निशियम-९९एम ने करता येतो, गर्भाला पोचणारा डोस फार कमी असतो. निळा रंग टाळायचा: आयसोसल्फान ब्लूने अॅनाफिलॅक्सिस होऊ शकतो, मेथिलिन ब्लू गरोदरपणात नकोच. इमेजिंगला सोनोग्राफी आणि गॅडोलिनियमशिवायचं एमआरआय. पेट स्कॅन प्रसूतीनंतर.

तळवा, तळहात, नखाखालचा काळा पट्टा यांच्याकडे विशेष लक्ष असू द्या. आपल्याकडच्या मेलॅनोमात या जागांचा वाटा मोठा आहे, आणि ‘गरोदरपणात वांग येतो, पोटावर काळी रेघ येते, तसंच हे’ म्हणून तळव्यावरचा डाग सोडून दिला जातो. तळव्याची कातडी गरोदरपणाने डागाळत नाही.

वार सगळ्यांची नाही. मेलॅनोमा शरीरात पसरलेला असेल तर नक्की पाठवा, कारण आईच्या कॅन्सरांपैकी वारेत आणि बाळात पोचणाऱ्यांत मेलॅनोमा पहिला आहे. वार वरून नॉर्मल दिसली तरी पाठवा.

डॅबवाला

वारेबद्दल पॅथॉलॉजीच्या बाजूने: दोनचार तुकडे घेऊन भागत नाही, जास्त ब्लॉक घ्या. ट्यूमरच्या पेशी बहुधा इंटरव्हिलस जागेत असतात, म्हणजे आईच्या रक्ताच्या बाजूला. व्हिलसच्या (बाळाच्या रक्तवाहिन्या असलेले बोटासारखे भाग) आत शिरल्यात का ते वेगळं नोंदवा, बाळाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. सॉक्स-१० लावा. वारेतल्या मॅक्रोफेजमध्ये मेकोनियम आणि हिमोसायडरिनचंही तपकिरी असतं, लोहासाठी पर्ल्स लावून ते बाजूला काढा.

आणि इथे फास्ट रेड वापरू नका. वारेचं स्वतःचं अल्कलाइन फॉस्फेटेस लेव्हामिसोलने दबत नाही, त्यामुळे प्रायमरी न घालताही व्हिलसच्या कडा लाल होऊ शकतात. इथे एचआरपी (वेगळं एन्झाइम) आणि एईसी, माउंटिंग पाण्यावरचं.